तिसरा घाव

टेमघर, भिवंडी
९ मार्च

मेघाली,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तशी वेळ आली तर. आधी मुद्दा.

फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस आणि त्या "हं"मागे कोण उभं आहे ते मला दिसत नाही. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवतोय, पोचपावतीसकट. गणेशपुरीला तुझ्या रंगूमावशीच्या घरी आलेलं पाकीट आधी मावशी उघडते, मग शेजारीण वाचते, आणि त्यातून काही उरलंच तर ज्याच्या नावाचं आहे त्याला मिळतं. हा अनुभव आहे, आरोप नाही.

प्रश्न एकच. तिसरा घाव का घातला नाहीस?

काय घडलं ते तुला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो. उद्या कुणी म्हणायला नको की मास्टरने हकीकत फिरवली.

फेब्रुवारीतली बँड-बेंजो स्पर्धा. बाकी सगळे हळदीची गाणी घेऊन आलेले. आपला ब्रास बँड एकटाच व्हिएन्नाच्या माहलर या संगीतकाराच्या सहाव्या सिम्फनीचा शेवटचा भाग घेऊन गेला. मूळ अर्ध्या तासाचा, मी आपल्या माणसांच्या छातीला झेपेल एवढा आवळलेला. व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट, सेलोच्या जागी युफोनियम. या कामात माझी किती वर्षं गेली ते तू लहानपणापासून पाहिलंयस.

या भागात एक हातोडा आहे. माहलरने स्वतः लिहून ठेवलंय की आवाज थोडका, जोरकस, पण बद्द हवा, धातूचा नको, कुऱ्हाडीच्या घावासारखा. आपण मोठा ढोल करून पाहिला, लाकडी खोकं करून पाहिलं. अन्सारीचाचा ट्रम्पेट खाली ठेवून म्हणाले होते, "मास्टर, ये शादी में बजेगा तो दूल्हा घोड़ी समेत भाग जाएगा." शेवटी माझ्या आईचं, पुतळाबाईचं, लाकडी उखळ सापडलं. मुसळाचं लोखंडी कडं मी काढलं, म्हणजे धातू गेला. भरल्या उखळात आवाज दबतो, रिकाम्यात टणकतो, म्हणून मूठभर भात. कांडायचं ते साळीचं, तुझ्या पुण्याच्या मैत्रिणीला वाटलं तसं शिजवलेला नव्हे. आवाज असा बसला की त्या व्हिएन्नाच्या माणसानेही मान डोलावली असती.

क्लॅरिनेट बाजूला ठेवून घाव घालायचे ते तू. तालमीत दर घावाआधी वाकून उखळात आणखी एक मूठ टाकायचीस. ती वाकावाकी मी स्पर्धेच्या आदल्या दिवशी बंद केली, कारण स्टेजवर ते शोभत नाही. मूठ एकदाच, सुरुवातीला. तू मान हलवलीस. म्हणजे सूचना पोचली होती.

पहिला घाव बरोबर पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला तू मुसळ वर उचललंस आणि तसंच धरून उभी राहिलीस. दामू ढोलावर काठी उगारून थांबला, युफोनियमवाला माझ्याकडे बघत बसला, आणि अन्सारीचाचांची ट्रम्पेट भरल्या मैदानात एकटी उघडी पडली. लोक हसले.

माहलरने आधी तीन घाव लिहिले होते, मग तिसरा स्वतःच खोडला. का खोडला ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. कुणी म्हणतं, भ्यायला. मी पहिल्या लिखाणाचा माणूस, तीन म्हणजे तीन. तू कायम दोनच्या बाजूची. म्हणून पहिला संशय हा, की तू तुझं मत माझ्या स्टेजवर चालवलंस.

दुसरा संशय मोठा आहे. पहिलं बक्षीस शैलेशच्या बेंजो पार्टीला गेलं. ज्याच्याशी तुझा साखरपुडा जानेवारीत झाला आणि जो कीबोर्डचं एक बटण दाबून आख्खा बँड वाजवतो, तोच शैलेश. यात काहीच नाही असं समजायला मी दूधखुळा नाही.

उद्यापासून तू माझ्या बँडमध्ये नाहीस, असं मी तिथेच म्हणालो. तू क्लॅरिनेट माझ्या खुर्चीवर ठेवलीस आणि सकाळी मावशीकडे निघून गेलीस. आता तुझी आई सांगते की हळद गणेशपुरीलाच लागणार आणि घाणा भरायला घरचं उखळ पाठवा. आजीच्या उखळात हळकुंडं कांडल्याशिवाय आपल्याकडे पोरीला हळद लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

उखळ बँडच्या खोलीत आहे. किल्ली माझ्या खिशात. उत्तर येईपर्यंत उखळ हलणार नाही, आणि मीही.

भूपेश मास्टर


टेमघर
२३ मार्च

मेघाली,

पोचपावती आली. सही दिपिकाची. मी पाकिटावर तुझं नाव लिहिलं होतं. रंगूमावशीच्या सुनेचं नाही. तेव्हा हे पत्र जी कोणी आधी वाचत असेल तिलाही नमस्कार.

इकडे काय चाललंय ते मला कुणी सांगत नाही, पण डोळे आहेत. तुझी आई दर गुरुवारी वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर जाते, म्हणजे तुझ्या गणेशपुरीच्या शेजारीच. म्हणे गुडघे दुखतात. मी चौकशी केली नाही, फक्त परत आल्यावर पिशवीतला टॉवेल हातात घेतला. कोरडा. पुढच्या गुरुवारीही कोरडा. त्याच्या पुढच्या गुरुवारी ओला होता, पण गरम कुंडाच्या पाण्याला गंधकाचा वास असतो, आणि या टॉवेलला आपल्या नळाचा वास होता. म्हणजे हेमालीबाईंना कळलं की मला कळलं.

दामू अंबाडी नाक्यावर शैलेशबरोबर चहा पिताना दिसला. तालमीत विचारलं, तर म्हणाला, "मास्टर, तहान लागली होती." मी म्हटलं, टेमघरला चहा मिळत नाही? म्हणाला, "मिलतो, पन इथं तुम्ही असता." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि लक्षात ठेवलं.

तुझ्या जागी क्लॅरिनेटला सागरला बसवलंय. सूर लावतो, पण श्वास कुठे घ्यायचा ते त्याला कळत नाही. वाक्याच्या मधेच घेतो, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. ओरडलो तर दामू म्हणाला, पोरगी असती तर हे झालं नसतं. त्यालाही गप्प केलं. माहलरच्या ऑर्केस्ट्रातली माणसंही त्याच्यावर दात खाऊन असत. एकेक सूर पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचा. मोठमोठ्या लोकांनी लिहिलेल्या सिम्फन्यांतही हात घालायचा, म्हणायचा, वाद्यं बदललीत, सभागृहं बदललीत, ऐकू तर आलं पाहिजे. पेपरवाले तुटून पडायचे. उन्हाळ्याची सुट्टी मिळाली की एका झोपडीत स्वतःला कोंडून लिहायचा. वर्षभर दुसऱ्यांचं वाजवायचं आणि सुट्टीत आपलं लिहायचं. लग्नसराईतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मला तो कसा भेटला ते तू गावभर सांगितलंयस, तुझ्या पद्धतीने, म्हणजे चुकीचं. मी नोकरी करतो त्या गोदामात परदेशी रद्दीचा माल उतरला होता, त्यात कॅसेटी होत्या हे खरं. पण मी त्या "ढापल्या" नव्हत्या. मालकाला विचारून घेतल्या. पहिल्या कॅसेटीत एकदम मिलिटरी बँड सुरू झाला, आणि मी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग कळलं, हा माणूस छावणीच्या गावात वाढलेला. लहानपणी कानावर शिपायांचा बँड. पुढे केवढाही मोठा झाला, तरी त्याच्या दुखवट्यातून बँड जातोच. मला वाटलं, हा आपल्यातला आहे.

तू तेव्हा चौथीत होतीस. गाईंच्या गळ्यातल्या घंटा दुरून वाजतात ती जागा आली की तू खिडकीकडे बघायचीस, खरंच कुणाची गुरं आली का म्हणून. हे मुद्द्याशी संबंधित नाही.

उत्तर नाही. म्हणजे उत्तर द्यायला कुणीतरी बंदी केली आहे. कुणी, ते मी शोधीन.

भूपेश मास्टर


टेमघर
६ एप्रिल

मेघाली,

शैलेश येऊन गेला.

मी दारातच उभा राहिलो. त्यानेही आत येण्याची घाई केली नाही. हातात मिठाई नाही, नारळ नाही. बरं वाटलं, मिठाई आणली असती तर संशय वाढला असता.

म्हणाला, "मास्टर, उखळ न्यायला आलोय. टेम्पो हाय."

मी म्हटलं, "आधी सांग, तू तिला काय खूण केलीस?"

"कसली खून?"

"तिसऱ्या घावाच्या वेळी. ती तुझ्याकडे बघत होती."

मग हसला. मला त्याचं हसणं आवडत नाही, दात फार दिसतात. म्हणाला, "मास्टर, तुमच्या त्या टायमाला मी स्टेजच्या मागे वायरी गुंडालत होतो. आमचा नंबर झालेला. जनरेटरवाल्याशी भांडन चाललेलं. त्यालाच इचारा."

मी जनरेटरवाल्याला विचारलं. तो मानकोलीला राहतो, शैलेशचा कुणी लागत नाही, दोन वेगवेगळ्या दिवशी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. शैलेश मागेच होता. वर म्हणाला, "क्या मास्टर, दामाद है कि मुजरिम?"

जाताना शैलेश पायरीवर थांबला. म्हणाला, "तो तुमचा माहलर मला कलत न्हाय, खोटं कशाला बोलू. पन मेघाली मोबाईलवर तोच लावून भांडी घासते. मावशी वैतागलीय. म्हंते, घरात कोन मेलंय का?"

उखळ दिलं नाही. मग तो गेला.

म्हणजे दुसरा संशय मागे घ्यावा लागतोय. पूर्ण नाही, तात्पुरता. पण मग तू कुणाकडे बघत होतीस?

तुझ्या आईने दारामागून सगळं ऐकलं. जेवताना वाढता वाढता म्हणाली, "टेम्पो रिकामा गेला." एवढंच. आमटीत मीठ जास्त होतं. मुद्दाम असावं.

भूपेश मास्टर


टेमघर
१७ एप्रिल

मेघाली,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळींसाठी पोस्टकार्ड, आणि तेही उघडं, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलं. "बाबा, उखळ आजीचं आहे. बाकी काय ते आईला विचारा."

"बाकी काय ते" म्हणजे काय ते? बाकी किती आहे? आणि आईलाच का? म्हणजे तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि मी दोन महिने एका घरात, एका ताटाजवळ, अंधारात बसलो होतो.

आईला लगेच विचारलं नाही. आधी माझा पुरावा माझ्या हातात हवा. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळातल्या भाविक नावाच्या पोराने व्हिडिओ काढला होता, तो मागून घेतला. मोबाईलवर नीट दिसेना, म्हणून गोदामातल्या ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर लावला. हमाल जमले. एकाने विचारलं, "यह कोई मातम का बैंड है?" मी हो म्हटलं, कारण ते खरंच आहे.

पहिला घाव. धान्य उडालं, काठावर दिसतं. दुसरा. पुन्हा उडालं, तुझ्या पायाशी सांडलं. मग तू मुसळ उचललंस. आणि इथे मी पडदा थांबवला.

मला इतके दिवस वाटत होतं तू समोर गर्दीत कुणाकडे तरी बघत होतीस. नाही. तू खाली बघत होतीस. उखळात. मग मान वळवून पहिल्या रांगेकडे, आणि पहिल्या रांगेत तुझी आई. ती हाताने काही खूण करत नाही. फक्त पदर तोंडाला लावते.

पुढे चालू केलं. अन्सारीचाचांचा तो एकटा सूर. तेव्हा मैदानात मला फक्त हसणं ऐकू आलं होतं. पडद्यावर हसणं लांब आहे, सूर जवळ. घाव पडणार म्हणून सगळे थांबलेत, आणि पडत नाही. मी ती जागा पुन्हा लावली. मग पुन्हा. साहेब आले म्हणून बंद केलं.

उद्या आईला विचारतो. कार्डावर म्हटलंयस म्हणून नाही. मला पडताळून पाहायचंय म्हणून.

भूपेश


टेमघर
१८ एप्रिल

मेघाली,

विचारलं. संभाषण जसं झालं तसं लिहितो, एकही शब्द माझा घातलेला नाही.

तुझी आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "तिसऱ्या घावाला मेघाली उखळात काय बघत होती?"

म्हणाली, "काय न्हाय."

मी म्हटलं, "हेमाली, लपवू नको."

"लपवत न्हाय. काय न्हाय म्हंजे काय न्हाय. उखळात काय न्हवतं. भात सगला उडून गेलेला. रिकामं होतं."

"मग?"

तिने सूप खाली ठेवलं. "मग? तुमच्या आईने या घरात पाऊल टाकल्या टाकल्या मला पयली गोष्ट काय शिकवली? रिकाम्या उखळात मुसल घालाचं न्हाय. घर रिकामं होतं. पोरगी सात-आठ वर्षांची असल्यापासून आजीबरोबर कांडाला बसाची. तिला ते हाडात हाय. तालमीत दर वेळी मूठ कशाला टाकाची ती? शोभेला?"

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं कधी? तुम्ही वरडलात. भर लोकांत. पोरीने काय सांगाचं तिथं? बाबा, तुमचं घर रिकामं होईल म्हनून थांबले, असं माईकवर सांगाचं?" मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "व्हिएन्नातलं सगलं ठाऊक. आपल्या ओटीवरचं न्हाय."

हे वाक्यही लिहितो, कारण वगळलं तर नोंद अपुरी राहील.

मी आईच्या मांडीजवळ बसून उखळाचा आवाज ऐकत वाढलो. ठोका कसा पडतो, कुठे हलका, कुठे भरलेला, ते सगळं अजून कानात आहे. पण मुसळ कधी हातात घेतलं नव्हतं. ते बायकांचं काम. आणि आई हा नेम मला कशाला सांगेल?

दोन घाव पडल्यावर मूठभर भात राहत नाही, हे मी तालमीत तपासलं नव्हतं. तालमीत तू भरत होतीस.

संध्याकाळी बँडची खोली उघडली. उखळात हात घातला. एका कडेला दोन दाणे चिकटलेले होते. बाकी रिकामं. घरही. तुझी आई आत होती, तरी.

माहलरची थोरली मुलगी चार वर्षांची असताना गेली. ही सिम्फनी लिहून झाल्यावर. लोक मागाहून ते घावांना जोडतात, ते मला पटत नाही, पुरावा नाही. पण तिसरा घाव त्याने त्याआधीच खोडला होता. कुणाच्या घराकडे बघून खोडला असेल, हे मी आजवर विचारलं नव्हतं.

पत्र पोस्टात टाकू की नको ते ठरलेलं नाही.

भूपेश


टेमघर
२ मे

चि. मेघाली,

आधीचं पत्र या पाकिटात सोबत आहे. पंधरा दिवस बँडच्या खोलीत पडून होतं. वाच, किंवा दिपिकाला वाचायला दे, आता फरक पडत नाही.

उखळ टेम्पोत चढवलं आहे. दामूबरोबर पाठवतोय. अंबाडी नाक्यावर शैलेश भेटेल आणि दोघं चहा पितील, हे मी गृहीत धरलं आहे. मुसळाचं लोखंडी कडं पुन्हा बसवून आणलं. लोहार म्हणाला, काढलंच कशाला होतं? मी म्हटलं, प्रयोग. उखळ धुऊन, उन्हात वाळवून, काठोकाठ भात भरलं आहे, वाडा कोलमचं. वरून फडकं बांधलंय. वाटेत दामूने उघडू नये म्हणून गाठ माझ्या पद्धतीची आहे. सुटलेली दिसली तर कळव.

तुझी आई पुढे आली आहेच. टॉवेल घेऊन गेली नाही, हे मी पाहिलं.

परवा हळदीला बँड येईल. आईने सांगितलेली गाणीच वाजतील, रंगूमावशीला घाबरायचं कारण नाही. बेंजो पार्टीही तिथे असणार, तेव्हा आधी कोण आणि मग कोण हे शैलेशने मला लेखी कळवावं. तोंडी नको.

तुम्ही घाणा भरायला बसाल तेव्हा मी अंगणातच असेन. मुसळ किती वेळा पडेल ते मोजणार नाही.

एक तांत्रिक बाब. सहाव्या सिम्फनीच्या माझ्या मांडणीतून तिसरा घाव काढला आहे. त्या जागी कुणीही काही वाजवायचं नाही, फक्त ट्रम्पेट, आणि तीही हळू. काल तालमीत तसं वाजवून घेतलं. संपल्यावर कुणी वाद्य खाली ठेवेना. अन्सारीचाचा म्हणाले, "मास्टर, पहले डर लगता था. अब कुछ और लगता है." काय लागतं ते मी विचारलं नाही. आणि काढला का, हे तूही विचारू नकोस. त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

तुझी क्लॅरिनेट मी सोबत आणतोय. नवी रीड लावली आहे, जुनी सागरने चावून ठेवली होती. लग्नानंतर तू कुठल्या बँडमध्ये वाजवायचं ते तू ठरव. आमच्याकडे जागा रिकामी आहे.

आता आशीर्वाद. अनेक.

तुझा,
बाबा

ता.क. हेही रजिस्टरनेच टाकतोय. कदाचित माझ्यानंतर पोचेल. कधीही पोचू दे, पोचपावतीवर या वेळी सही तुझीच हवी. मी अक्षर ताडून पाहीन.